तुम्ही विचारलंत म्हणून: हिमगौरी दाखवू की नको?

‘ताई, आमची साडेचार वर्षांची आहे. हिमगौरीचा सिनेमा दाखवू का? घाबरणार तर नाही ना?’ सोसायटीच्या हॉलमध्ये गेली अकरा वर्षं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सिनेमे दाखवते, त्यामुळे दर मे महिन्यात हा प्रश्न येतोच. कधी जिन्यात, कधी भाजी घेताना. पूर्वी मी उभ्या उभ्या ‘हो, दाखवा की’ म्हणून मोकळी होत असे. आता तसं करत नाही. का, ते सांगते.

सिनेमा डिस्नेचा, १९३७ चा. आपल्याकडे ‘हिमगौरी आणि सात बुटके’ म्हणून लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. गोड गाणी आहेत, घर झाडायला मदत करणारी हरणं आणि खारी आहेत, म्हणून आईबाबा निर्धास्त असतात. पण १९३८ साली हा सिनेमा ब्रिटनमध्ये लागला, तेव्हा तिथल्या सेन्सॉरनं त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिलं होतं. म्हणजे मुलांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा. मला ते चुकीचं वाटत नाही. हिमगौरी जंगलातून पळते तेव्हा फांद्यांचे हात होतात, पाण्यातल्या ओंडक्यांच्या मगरी होतात आणि काळोखात नुसते डोळे चमकत राहतात. त्या वेळी लहान मुलं मागे सरकत सरकत आईच्या मांडीत शिरतात, हे मी दर वर्षी बघते.

तरीही या प्रसंगासाठी मी सिनेमा नाकारणार नाही. ती रडत जमिनीवर कोसळते, मग तेच चमकणारे डोळे हळूहळू उजेडात येतात आणि ते ससे, पाडसं, पाखरं निघतात. भीती दाखवली आणि मुलाच्या डोळ्यांदेखत सोडवलीही. कुठलाही परीकथेचा सिनेमा निवडताना मी आधी हेच बघते, की घाबरलेल्या मुलाला तो किती वेळ एकटं ठेवतो. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आपण भात भरवताना सांगतो. त्यात वाघ म्हातारीला खायलाच टपलेला असतो. पण टुणुक टुणुक करत ती घरी पोचते, म्हणून मूल त्या वाघासकट गोष्ट पुन्हा मागतं.

राणीच्या शेवटाबद्दलही लोक विचारतात. ग्रिम बंधूंच्या मूळ कथेत तिला लाल तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. सिनेमात वीज पडते, कडा तुटतो, ती कोसळते. तिचं प्रेत दिसत नाही, दोन गिधाडं मात्र घिरट्या घालत खाली उतरतात. मोठ्यांच्या अंगावर काटा येतो तो त्या गिधाडांमुळे, मुलांना बहुतेक वेळा त्यांचा अर्थ लागत नाही. आणि तिला मारण्यात कुणाला मजा वाटली असं काही मुलांना बघावं लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मला त्याहून जास्त सलतो तो आरसा. ‘सांग आरशा, सगळ्यांत सुंदर कोण?’ याचं उत्तर बर्फासारख्या कांतीवर येऊन थांबतं, आणि आपण तर तिचं नावच हिमगौरी ठेवलं. ज्या घरात ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ हे रोज कानावर पडतं, तिथल्या सावळ्या मुलीला त्या आरशाचं उत्तर फार लवकर कळतं. चेटकिणीला घाबरलेली मुलगी रडते, आपण तिला जवळ घेतो. आरसा ऐकलेली मुलगी गप्प राहते. म्हणून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानं त्या वेळी मोबाइल बघू नये, एवढं मी कळकळीनं सांगते.

आता माझी चूक. बहिणीचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मार्चमध्ये त्याची आजी, म्हणजे बाबांची आई, गेली. काका परदेशातून यायचे होते, म्हणून दोन दिवस आजीला काचेचं झाकण असलेल्या थंड पेटीत दिवाणखान्यात ठेवलं होतं. तो विचारायचा तेव्हा आम्ही सगळे एकच सांगत होतो, ‘आजी झोपलीय.’ मे महिन्यात तो माझ्याकडे आला आणि मी त्याला हा सिनेमा दाखवला. जंगल झालं, चेटकीण झाली, तो मजेत होता. मग सात बुटके रडायला लागले आणि ती काचेची पेटी आली. राजपुत्रानं पापा घेतला, हिमगौरी उठून बसली, सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्या कानाशी आला. ‘मावशी, आमच्या आजीचा पापा कुणी घेतलाच नाही. मला जवळ जाऊच दिलं नाही.’

सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मी बघते, तुम्हीही बघा. २०२४ पासून यूएमध्ये, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांत, ७+, १३+, १६+ असे गट केले आहेत, त्यांचा निवडताना उपयोग होतो. पण त्या दिवाणखान्यात काय घडलं होतं ते फक्त आम्हाला माहीत होतं, आणि तेच माझ्या लक्षात आलं नाही. त्याला समजवायला आम्हाला कितीतरी दिवस लागले. हिमगौरीवर झोपेचा मंत्र होता, आजी झोपली नव्हती, आजी वारली, आम्ही तुला चुकीचा शब्द सांगितला, हे त्याच्या आईनं त्याला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा सांगितलं.

म्हणून परवा जिन्यात मी तुम्हाला उलट विचारलं, की वर्षभरात घरात कुणी गेलंय का, आणि गेलं असेल तर मुलीला काय सांगितलंत. तुम्ही गप्प झालात, तेव्हा मीही पुढे बोलले नाही. आधी तुम्ही दोघं बघा, ती झोपल्यावर. ८३ मिनिटांचा आहे, काचेची पेटी अगदी शेवटी येते. शनिवारी यायचं ठरवलंत तर दाराजवळच्या दोन खुर्च्या तुमच्यासाठी ठेवते, मध्येच उठावंसं वाटलं तर उठता येईल.