चोयाच्या सांगाड्यातून पेन

मार्चमध्ये धाकट्या भावाकडे फिनिक्सला गेलो असताना मी दोन दिवस मुद्दाम टूसॉनसाठी राखून ठेवले होते. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटातील लाकडापासून हाताने पेन कसे कातले जातात, हे मला जवळून पाहायचे होते. शहराच्या पश्चिमेची गेट्स पास ही खिंड ओलांडली की सग्वारो निवडुंगांचे रान सुरू होते. १९६१ मध्ये सग्वारो राष्ट्रीय स्मारकात सामील झालेल्या या प्रदेशाला १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सग्वारो मेला आणि त्याचा पाणीदार गर कुजून गळाला की आत उभ्या लाकडी काठ्यांचा जुडगा उरतो. इथले मूळ रहिवासी असलेले तोहोनो ओओदम लोक याच काठ्या एकमेकींना बांधून उंचावरची फळे पाडतात. उद्यानातील वाळलेली काटकीसुद्धा उचलता येत नाही, आणि हा नियम मला मनापासून पटला.

ज्यांच्याकडे मी गेलो ते निवृत्त गृहस्थ घरामागच्या शेडमध्ये काम करतात आणि लाकूड केवळ ओळखीच्या जमीनमालकांकडून, परवानगीने घेतात. त्यांनी आयर्नवुडचा तुकडा बादलीत टाकला, तो दगडासारखा तळाशी गेला. मेस्किटचा तांबूस तुकडा हातात घेतला तेव्हा मात्र मी चमकलो, कारण आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ त्याच कुळातली आहे. मेस्किट वाळताना फारसे वेडेवाकडे होत नाही, म्हणून कातकामाला ते उत्तम.

माझे मन गुंतले ते चोयात. चोया हाही निवडुंगच. त्याच्या वाळलेल्या फांदीचा सांगाडा म्हणजे लंबगोल भोकांची पोकळ नळी, थेट वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखी, फक्त लाकडाची. नुसता कातला तर त्याचा चुरा होईल. म्हणून भोकांत साचलेली माती ब्रशने काढून, तो पूर्ण वाळवून, साच्यात उभा करून त्यावर फिरोजी रंगाचे रेझिन ओततात आणि साचा दाबाच्या भांड्यात रात्रभर ठेवतात. दाबामुळे बुडबुडे बारीक होऊन दिसेनासे होतात. असा तयार ठोकळा त्यांनी मला दिला. त्याला ७ मिलिमीटरचे आरपार भोक पाडून आम्ही आत पितळी नळी चिकटवली आणि तो लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवला.

पहिला ठोकळा माझ्या हातून फुटला. लाकूड संपून रेझिन सुरू होते त्या सीमेवर मी पटाशी जरा दाबून धरली आणि नखाएवढी ढलपी उडून आतली पितळ उघडी पडली. त्यांनी न बोलता पटाशीला पुन्हा धार लावली, दुसरा ठोकळा चढवला आणि माझे मनगट धरून दाखवले की पटाशी टेकूवर नीट विसावली पाहिजे आणि तिने अगदी थोडे थोडे लाकूड घ्यायला हवे. त्यानंतर लाकडाचा भुसा आणि रेझिनचे निळे, लांब धागे एकाच वेळी पटाशीवरून सुटू लागले आणि हळूहळू तपकिरी जाळीतून निळे डोळे वर आले. तो क्षण पाहण्यासाठीच मी इतक्या दूर आलो होतो, असे मला वाटले. पुढे काचकागदाचे बारीक होत जाणारे हात, पातळ सुपरग्लूचे अनेक थर, पॉलिश, आणि शेवटी दोन्ही टोकांचे धातूचे भाग दाबून बसवणे, एवढ्यात संध्याकाळ झाली.

हा मजकूर त्याच पेनाने आधी कागदावर लिहिला आहे. माझे आजोबा बोरू स्वतः तासत, त्यामुळे आपल्या हाताने घडवलेल्या साधनाने लिहिण्याचे अप्रूप घरात जुनेच आहे. परत आल्यावर शेताच्या बांधावरची वेड्या बाभळीची मनगटाएवढी फांदी तोडून आणली, तडे जाऊ नयेत म्हणून तिच्या दोन्ही टोकांना मेण लावले आणि पडवीत सावलीला ठेवली. दर रविवारी तिचे वजन करतो. ते अजून उतरतेच आहे. स्थिरावले की लेथ शोधायला निघेन.