पोटाला कळलंच नाही

"मावशी, अजून एक भाकरी टाका. पोटाला कळलंच नाही अजून!"

सांगलीत विश्रामबागच्या एका खानावळीत आज दुपारी शेजारच्या टेबलावरचा पोरगा. दोन भाकऱ्या, पिठलं, सात मिनिटांत साफ. तिसरी आली, निम्मी ताटातच राहिली. बसला बिचारा पट्टा सैल करून.

पोटाला कळलं होतं हो! जठर ताणलं की व्हेगस मज्जातंतू लगेच वर कळवतो. त्यातले साधारण 80 टक्के धागे निरोप मेंदूकडेच नेतात.

पण नुसत्या ताणावर भागत नाही. घास लहान आतड्यात उतरला, त्यातली चरबी आणि प्रथिनं तिथल्या पेशींना लागली, की सीसीके हे संप्रेरक सुटतं आणि व्हेगसलाच डिवचतं. जीएलपी-1 आणि पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी आणखी दोन संप्रेरकं मुख्यतः आतड्याच्या खालच्या टोकाकडून येतात. भूक चेतवणारं घ्रेलिन ओसरायलाही वेळ लागतो. सगळं जुळेपर्यंत 15-20 मिनिटं धरा. म्हणजे निरोप वाटेत असतानाच भाकरीची ऑर्डर गेली.

गंमत म्हणजे शरीरातलं जीएलपी-1 दोनेक मिनिटांत निम्मं होतं. त्याचीच नक्कल असलेलं सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं आणि वजन घटवण्याचं औषध मात्र इतकं टिकाऊ बनवलंय, की आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं.

इंजेक्शनाचं डॉक्टर बघतील. आपण मटकीची उसळ आधी खावी, भाकरी मागून. आणि तिसरी मागण्याआधी पाच मिनिटं गप्पा माराव्यात.

तुमचं ताट किती मिनिटांत रिकामं होतं? घड्याळ लावून बघितलंय कधी?