टोमॅटो आणि कणीक

सकाळी फोनवरचा टायमर वाजला आणि स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "ताई, गॅसवर काय ठेवलंयत?"

काही नाही म्हटलं. पोमोदोरो लावलाय. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. एका इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून काढलेली पद्धत आहे, पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्यात शिजतं काय?"

मग मी कामं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. (सुट्टीचीच पाच मिनिटं होती. नंतर वीस झाली.) आल्या आल्या कणीक भिजवून झाकून ठेवलेली. ती मुरेपर्यंत एकीकडे कुकर, दुसरीकडे भाजी चिरणं. कुकर उतरला की त्याच शेगडीवर तवा. घड्याळाकडे एकदाही मान नाही. दिवसाला चार घरं. पहिलं घर साडेसहाचं, कारण तिथला डबा ७.५२ च्या लोकलच्या आत भरून व्हायला लागतो.

माझ्या आजच्या यादीत अकरा कामं होती. झाली चार. ज्यांच्या उत्तराची वाट बघावी लागते, ते मेल मी दुपारी चारला पाठवले. म्हणजे कणीक भिजवली शेवटी, आणि तवा सकाळपासून तापतोय!

त्या गेल्यावर लक्षात आलं, चार घरांनंतर त्यांच्या स्वतःच्या घरच्या पोळ्या किती वाजता होतात, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंय?