लिंकेज सेट करताना आधी न्यूट्रल

जुन्या गाडीचा दुसरा गिअर सटकायला लागला किंवा लिव्हर मधेच अडकून बसायला लागला की लोक लगेच म्हणतात गिअरबॉक्स गेला, उतरवा. अरे थांबा जरा! ज्या गाड्यांचं लिंकेज, म्हणजे लिव्हर आणि बॉक्स यांना जोडणारी यंत्रणा, बॉक्सच्या बाहेर असतं, म्हणजे लिव्हरखालून तीन रॉड निघतात, एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, एक रिव्हर्सचा, त्यांच्यात बऱ्याचदा दुखणं या रॉडमध्येच असतं आणि बॉक्स आत ठणठणीत असतो.

आधी एक साधी गोष्ट करायची, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघायचे. बंद असताना आरामात पडतायत आणि चालू केलं की कर्रकर्र, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, लिंकेजला हातच लावू नका. दोन्ही वेळा अडतंय तर मग खाली शिरायचं. आणि खाली म्हणजे नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही हं, स्टँड पाहिजेत, चाकांना ठोकळे पाहिजेत.

खाली गेल्यावर पाना उचलायच्या आधी बुश, म्हणजे रॉडच्या सांध्यातल्या छोट्या नळ्या, बघा. कुणाला तरी वर बसवून लिव्हर हळूहळू हलवायला सांगायचं आणि आपण खालून नजर ठेवायची, रॉड हलतोय पण बॉक्सवरचा आर्म (रॉड ज्याला जोडलेला असतो ती पट्टी) जागचा हलत नाही, हा जो मधला वेळ जातो ना तोच खेळ, म्हणजे ढिलेपणा. नायलॉनचे बुश वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाऊन कडक होतात, तडकतात, मग आर्मचं गोल भोकसुद्धा लांबट होत जातं. खाली प्रत्येक सांध्यात जरासाच खेळ असतो पण लिव्हर लांब, त्यामुळे वर नॉबपाशी तो चांगला मोठा होऊन येतो. बुश न बदलता ॲडजस्टमेंट करणं म्हणजे नाडी तुटलेल्या पायजम्याला इस्त्री करणं. गिअरबॉक्सचं माउंट, म्हणजे त्याचा आधार, दबलंय का तेही तेव्हाच बघून घ्या, बॉक्स खाली बसला की रॉडचा हिशोबच बदलतो.

आता खरं काम. इथे गिअर सेट करत बसायचंच नाही, फक्त न्यूट्रल सेट करायचा. तिन्ही रॉड आर्मवरून सोडवायचे, बॉक्सचे आर्म हाताने न्यूट्रलला आणायचे. पहिल्या-दुसऱ्याच्या आणि तिसऱ्या-चौथ्याच्या आर्मला पुढे, मधे, मागे अशा तीन जागा लागतात आणि प्रत्येक जागी स्वच्छ टक् जाणवतं, त्यातली मधली आपली. (हे टक् नीट लागत असेल तर बॉक्सची काळजी तिथेच निम्मी संपली.) मग शिफ्टरचे (गिअर लिव्हरच्या बुडाशी रॉड जोडलेले असतात त्या भागाचे) छोटे लिव्हर एका रेषेत आणून त्यांच्या भोकातून पिन घालायची, हर्स्ट कंपनीच्या शिफ्टरला ती पाव इंची लागते, ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू मस्त चालते.

पिन आत असतानाच रॉडच्या टोकाचा स्विव्हल, म्हणजे आर्मच्या भोकात बसणारा फिरता जोड, आट्यांवर फिरवत राहायचं, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, जोपर्यंत तो आर्मच्या भोकात आपणहून जाऊन बसत नाही. आपणहून म्हणजे आपणहूनच! अंगठ्याने जरासा ढकलून बसवला तर तो ढकललेला ताण कायम लिव्हरमध्ये राहतो आणि एका बाजूचा गिअर अर्धवट पडतो, सटकणारा दुसरा गिअर पुष्कळदा इथूनच येतो. तिन्ही बसले की क्लिप लावा, पिन काढा, सगळे गिअर टाकून परत न्यूट्रलला या आणि पिन पुन्हा घाला. सहज गेली तर जमलं, अडली तर कुठला तरी रॉड खोटं बोलतोय.

स्टॉप बोल्ट, म्हणजे लिव्हरला ठरावीक जागेपुढे जाऊ न देणारे बोल्ट, असलेला शिफ्टर असेल तर तो भाग टाळू नका. बोल्ट आधी बरेच मागे घ्यायचे, तिसऱ्यात टाकून लिव्हर दाबून धरायचा, बोल्ट टेकेपर्यंत आत, मग हात सोडून एक फेरा मागे, लॉक नट घट्ट. चौथ्यासाठी दुसऱ्या बोल्टला तसंच. हे नसेल तर आपल्या हाताचा सगळा जोर बॉक्समधल्या गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातो, आणि फोर्क वाकला की मग खरंच बॉक्स उतरवावा लागतो.

स्टिअरिंगवर गिअर असलेल्या तीन स्पीडच्या गाडीतही तत्त्व हेच, तिथे दोन रॉड आणि कॉलमच्या पायथ्याशी दोन लिव्हर. दोन्ही एकदम न्यूट्रलमधून सरकले की सगळं जाम, मग बॉनेट उघडून हाताने एका रेषेत आणायचे. फोक्सवॅगन बीटलचं मात्र वेगळं, तिथे एकच लांब रॉड बोगद्यातून मागे जातो, त्यामुळे लिव्हरखालची स्टॉप प्लेट, पुढचा बुश आणि मागच्या सीटखालचं कपलिंग एवढंच बघायचं असतं.