सॅडल घासायची घाई नको

गिटारच्या तारा उंच वाटल्या की लोक आधी सॅडल, म्हणजे खोक्यावरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून काचपेपरवर घासायला घेतात. खरं तर ते काम सगळ्यात शेवटी. घासलेलं परत येत नाही.

आधी माप घ्या. गिटार सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टीचा शून्य अगदी कडेवर हवा. शाळेच्या पट्टीला पुढे थोडी कोरी जागा असते, माप तिथेच चुकतं. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर जाड ई (सगळ्यात जाड तार) २.४ ते २.८ मिमी, बारीक ई (सगळ्यात बारीक तार) १.६ ते २ मिमी असली की हात खूश.

मग नेकचा, म्हणजे दांड्याचा, बाक. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक खोक्याला मिळते तिथे जाड ई दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट बघा. ०.१५ ते ०.३ मिमी पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी धातूची कांब) किल्लीने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, सूर लावा, पुन्हा मोजा. किल्ली अडली तर जोर करू नका. आणि तारा खाली आणायला ट्रस रॉड वापरू नका. बाक पार काढून टाकला की सुरुवातीच्या फ्रेटवर तारा खरखरायला लागतात.

फक्त एफ कॉर्डच (पहिल्या फ्रेटवर बोट आडवं दाबावं लागतं तो) जड जात असेल तर दोष बहुधा नटचा, म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा; पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसायला हवी. नटच्या खाचांना तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. त्या नसतील तर कारागिराकडे द्या.

आता सॅडल. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून जातं. जाड ई ३.२ वरून २.६ वर आणायची तर ०.६ मिमी कमी हवं, म्हणजे सॅडल त्या बाजूने १.२ मिमी घासायची. पण ब्रिजच्या वर ती दोनेक मिमी उरत नसेल तर थांबा, दुखणं नेकच्या कोनात आहे.

तारा सैल करा, ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या पिना काढा, पक्कडीला कापड गुंडाळून सॅडल सरळ वर ओढा. पेन्सिलने रेघ मारा आणि काचेवर पसरलेल्या १२० नंबरच्या काचपेपरवर तळ घासा. बोटांत नुसती धरली तर ती कलते, तळ गोल होतो. चौकोनी ठोकळ्याला टेकवून घासा. सॅडलखाली पिकअप (तारांचा आवाज अँपकडे नेणारी पट्टी) असेल तर तळ वाकडा राहिल्यावर एखादी तार अँपवर दबकी येते. वरची गोलाई मात्र तशीच ठेवा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, घोडी वरून घासून उघडतात. इथे जवारी नकोच आहे.

मुंबई-कोकणात हे काम भर पावसाळ्यात करू नका. दमट हवेत खोक्याची वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो, तारा आपोआप वर येतात. जुलैत बेतलेली सॅडल जानेवारीत खरखरू शकते. तरी जास्त गेलीच, तर तळाखाली लाकडाची पातळ व्हीनिअर पट्टी घालून भागतं, नवी हाडाची सॅडल मिळेपर्यंत.