परसातला नरक्या

"खरं हे घाण वासाचं झाड परसात कशाला लावलास बा?" श्रावणात घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत, तेही नाकाला रुमाल लावून. तेव्हा मी नुसता हसलो. आता नीट सांगतो.

झाड नरक्याचं. आमच्या खानापूर भागातले कन्नड बोलणारे त्याला दुर्वासने मर, म्हणजे घाण वासाचं झाड, म्हणतात. म्हणजे मराठी-कन्नडचं निदान या एका बाबतीत तरी एकमत आहे! फुलं बारीक, पिवळसर, आणि वास असा की मेलेला उंदीर शोधायला माणूस फडताळ सरकवतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी एकोणीस वर्षांचा. जांबोटीच्या बाजूला एक व्यापारी फिरत होता. नरक्याचं लाकूड घेणार, मूळ असलं तर भाव जास्त. आम्ही चौघं कोयते आणि पहार घेऊन रानात गेलो. नरक्याचं खोड कापलं तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तरीही पहार घातली. पहिलं झाड मनगटाएवढं होतं. दोघं पहारीला लोंबकळलो तेव्हा मूळ कट्कन सुटलं, आणि मागे तांबड्या मातीचा खड्डा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यात पावसाचं पाणी साचलेलं. पोती भरेपर्यंत असे किती खड्डे केले, कुणी मोजलं नाही. देवराईची हद्द तेवढी सोडली. तिथे कोयता न्यायचा नसतो. भीती होती ती देवाची. झाडाचं काही वाटल्याचं आठवत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्तीला आतड्याचा कॅन्सर निघाला. बेळगावात उपचार चालू होते. सलाईनमधून जाणाऱ्या औषधाचं नाव इरिनोटेकॅन. औषधाच्या दुकानातल्या पोराला सहज विचारलं, हे कशापासून बनतं? त्याने मोबाईलवर दाखवलं: कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून. ते 1966 मध्ये मन्सुख वाणी आणि मनरो वॉल यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. वाणी आपल्या नंदुरबारचे. काही वर्षांनी तेच द्रव्य नरक्यातही सापडलं. पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सुटावा लागतो. तिथेच हे औषध खोडा घालतं.

आत्तीच्या सलाईनमधलं औषध आम्ही उपटलेल्या मुळांचं होतं, असं मी म्हणत नाही. ते चिनी झाडापासूनही काढतात. पण त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मला झोप आली नाही.

हे ऐकून काही जण म्हणतात, "मग तोडलंस ते बरंच केलंस की." माझी ही पाठ थोपटू नका. मी औषधासाठी तोडलं नव्हतं, मोटरसायकलच्या हप्त्यासाठी तोडलं होतं. दुसरे म्हणतात, रानाला हातच लावायचा नाही. त्यांच्या घरी कधी चूल पेटलेली नसणार. आमच्या आज्या रानातूनच सरपण आणायच्या, शिकेकाई आणायच्या, पण बुंधा ठेवून. पुढच्या साली पुन्हा तिथेच जायचं असायचं ना! व्यापाऱ्याला पुन्हा यायचं नव्हतं. आम्हाला मात्र इथेच राहायचं होतं, हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही, याचंच आजही नवल वाटतं. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं. त्या रानाची राखण आता सरकार करतं. आमच्या बांधाची कोण करणार?

म्हणून परसात ही तीन झाडं. बी आमच्याच बांधावरच्या झाडाचं. दिवाळीच्या सुमाराला फळं काळपट जांभळी होतात. बुलबुलांच्या आधी गाठावी लागतात. आत्तीला हे सगळं एकदा सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "खिडकीपासून लांब लाव म्हंजे झालं."

यंदा अकरा बिया पिशव्यांत टाकल्या होत्या, चार उगवल्यात. दोन तुमच्यासाठी बाजूला ठेवल्यात. वासाचं शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.