गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

‘रक्तवाढीच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, तरी हिमोग्लोबिन तिथंच. आता आणखी काय करू? वेळ तरी कुठे आहे?’ नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बायका हे हटकून विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 39 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तेव्हा तुम्हाला जाणवणारा थकवा नुसत्या कामाचाच आहे, असं धरून चालू नका.

बहुतेक वेळा गोळीत खोट नसते, ती कशाबरोबर पोटात जाते त्यात असते. पोदेर (पाववाला) येऊन जातो, पाव-चहा होतो आणि बस चुकू नये म्हणून गोळीही त्याच चहाबरोबर घेतली जाते. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात फारसं उतरत नाही. कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळीही आड येते. म्हणून उठल्याबरोबर पाण्यासोबत लोहाची गोळी घ्या आणि चहा तासाभराने प्या. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. सकाळ धावपळीची असेल तर लोहाची गोळी रात्री निजताना, जेवणानंतर दोन तासांनी घ्या. मात्र मग कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ठेवा. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण पोटातलं आम्ल घटलं की लोह कमी शोषलं जातं.

शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळलं किंवा पोट बांधल्यासारखं झालं तर गोळी परस्पर बंद करू नका. ‘एक दिवसाआड घेतली तर चालेल का?’ असं डॉक्टरांना विचारा. पुष्कळ जणींना ते सोसतं आणि एकेका गोळीतलं लोह शोषलंही जास्त जातं.

दुसरी चूक म्हणजे घाईने थांबणं. गोळी अंगी लागत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनी वाढतं. गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या वर गेलं की तिला बरं वाटतं आणि पाकीट कपाटात जातं. पण शरीरातला लोहाचा साठा तेव्हा रिकामाच असतो. तो भरायला पुढे साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

नियमाने गोळी घेऊनही महिन्यात आकडा हलला नाही, तर कारण शोधायलाच हवं. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का? दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो का? रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात का? तसं असेल तर गर्भाशयात फायब्रॉइड (स्नायूंची साधी गाठ) आहे का ते सोनोग्राफीत बघतात. लोहाबरोबर फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी-12 आणि थायरॉइडही तपासून घ्या. थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्तातला जन्मजात दोष) असलेल्या बाईला तर लोह कमी नसताना गोळ्या देऊन काही उपयोग नसतो.

आणि जेवण. सगळ्यांचं वाढून झालं की हुमणातले (कालवणातले) माशाचे तुकडे संपलेले असतात, तुमच्या ताटात शीत आणि रस. हे बदला, वाढतानाच आपला तुकडा बाजूला काढून ठेवा. तिसऱ्यांमध्ये (शिंपल्यांमध्ये) लोह आणि बी-12 दोन्ही चांगलं असतं. शाकाहारी असाल किंवा श्रावण पाळत असाल तर तांबडी भाजी (लाल माठ), मोड आणलेले कुळीथ, मूग, आणि त्यावर ताटात लिंबू पिळलेलं. शिजताना पिळू नका, जीवनसत्त्व क उष्णतेने जातं. पण एकदा रक्त बरंच उतरलं की नुसत्या भाज्यांनी ते भरून येत नाही. बीट-खजुराच्या भरवशावर महिने घालवू नका.

‘चवथ होऊ दे, मग बघते’ हे फार ऐकू येतं. चवथीनंतर दिवाळी येते, मग तुळशीचं लग्न, मग गावची जत्रा. हिमोग्लोबिन आणि सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) उपाशी राहावं लागत नाही. कामावर जाताना आरोग्य केंद्रात किंवा लॅबमध्ये रक्त देऊन पुढे जाता येतं. फेरिटिनही त्याच सुईत होतं, चिठ्ठीवर तेवढं आधी लिहून घ्या.

जिना चढताना धाप लागत असेल, छाती धडधडत असेल किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर गोळ्यांचे प्रयोग घरी करू नका. त्याच आठवड्यात इस्पितळ गाठा, आणि बसल्या जागीही धाप लागत असेल तर त्याच दिवशी.